आबांच्या पखवाजाची कणिक

बायकोला घरकामात मदत करावी, असं माझ्या मनात उभ्या जन्मात एकदाच आलं आणि त्या एका मदतीपायी पाचोऱ्यातली दोन संगीत मंडळं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. तेव्हापासून मी पाणीसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून मागतो. लोक म्हणतात, लोटनराव जुन्या वळणाचे. म्हणू देत बापडे.

मी तेव्हा कापसाच्या जिनात कारकून होतो. भोंगा झाला की जायचं आणि भोंगा झाला की यायचं. (मधल्या वेळात मी नेमकं काय करतो, हे आमच्या साहेबालाही नीटसं ठाऊक नव्हतं आणि मीही कधी तो विषय काढला नाही.) संध्याकाळी मात्र मी मोठा माणूस असे, कारण मी ‘स्टेशन संगीत समाजा’चा सेक्रेटरी होतो. जिनातल्या आणि रेल्वेतल्या कारकुनांनी मिळून काढलेलं हे मंडळ. आमच्याकडे पेटी होती, तबला होता, भलीमोठी सतरंजी होती. मला सुरातलं ओ की ठो कळत नसे, पण सतरंजी ठेवायला जागा माझ्याच घरी होती, म्हणून सेक्रेटरी मी.

समाजाचे मुख्य रुपचंद मास्तर. ते कुठल्या शाळेत शिकवत नसत, पेटी वाजवत म्हणून मास्तर. चष्मा, काळा कोट, कोटाच्या खिशात अत्तराचा फाया. पेटीवर इतका जीव की, घरात माणूस आजारी पडला तर काढा देतील. पण पेटीला पडसं झालं तर रजा काढतील.

आणि गावात होतं ‘मारुती भजनी मंडळ’. ते आमच्या समाजापेक्षा कितीतरी जुनं. तिथं टाळ, वीणा आणि पखवाज. पेटीला मज्जाव. मंडळाचे पखवाजी झुलाल आबा, म्हणजे साक्षात माझे सासरे. पेटीचं नाव काढलं की आबा म्हणत, “पेटी म्हंजे भाता. भाता लोहारना घर शोभस, देवना दारशी नही.” हे मास्तरांच्या कानावर गेलं की मास्तर चष्मा पुसत म्हणत, “आणि त्यांचा तो पखवाज? आधी त्याला पीठ थापायचं, मग बडवायचा. वाजवायचा आहे की भाजायचा आहे?”

पिठाचं मास्तर म्हणत ते खरंच होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, वाजवायला बसण्याआधी, गव्हाच्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमत नाही. नुसती कणिक, पाण्यात घट्ट भिजवलेली. मीठ नको, तेल नको. भजन संपलं की खरवडून टाकायची. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या घरी भजन त्यानं स्वतःच्या हातानं ती कणिक पखवाजीला द्यायची. विडा द्यायचा राहिला तर कोणी मनावर घेत नाही. पण कणकेत खोट निघाली, तर ‘तुम्ही नाही वाजवलंत तरी चालेल’ असं पखवाजीच्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं. मला हे सगळं माहीत होतं. ठाऊक नव्हतं एवढंच, की कणिक आणि कणिक यांत फरक असतो.

तर या दोन मंडळांना एका सतरंजीवर आणायचा घाट मी घातला आणि तो काही उगीच नव्हे. माझी मेहुणी मोगरा लग्नाची झाली होती. मास्तरांचा पुतण्या सुपडू जळगावला पोस्टात होता, पोरगा सरळ, मॅट्रिकपर्यंत शिकलेला (पर्यंत म्हणजे परीक्षेच्या दारापर्यंत). दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि पाहिल्यापासून मोगरा भाकरी करपवायला लागली होती, यावरून घरातल्या बायकांनी काय ते ओळखलं. पण आबांच्या डोळ्यासमोर धुळ्याचं दुसरं एक स्थळ होतं. बिजवर, दुकानदार, दारातून आधी पोट आत यायचं आणि मागून तो. आबा म्हणत, “आखाजीपावतर देखूत. नही जमनं ते धुयाले निरोप धाडूत.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. मोगरा रडून रडून अर्धी झाली होती. आमची ही मला रोज रात्री सांगे, “तुमच्या मास्तरांना आणि माझ्या आबांना एकदा जवळ बसवा हो. एकदा बसले की जमेल.”

म्हणून चैत्रातल्या एका शनिवारी आमच्या घरी दोन्ही मंडळांचं मिळून भजन ठरलं. आधी भजन, मग मांड्यांची पंगत, मग मोगराला कुंकू. मांडे करायला खुद्द सासूबाई, मंजुळाबाई, सकाळपासून येऊन बसल्या होत्या. आमच्या खान्देशात मांडे म्हणजे गंमत नाही. कणिक मीठ-तेल लावून, पाणी घालघालून, आपटआपटून अशी सैल करायची की ती हातावर घेतली की कोपरापर्यंत ओघळावी. मग पुरण भरून हातावरच ती पसरायची आणि तापल्या खापरावर टाकायची. सासूबाईंचा मांडा पलीकडचा दिवा दिसेल इतका पातळ असे. त्यांच्या परातीच्या आसपास मांजरही फिरकत नसे.

मी फिरकलो.

झालं असं, की बाहेर मंडळी जमली, टाळ वाजू लागले, आणि माजघरातून हिनं हाक मारली, “अहो, आबांची कणिक तेवढी नेऊन द्या. फडताळात वाटीखाली झाकून ठेवलीय.” ही पापडांच्या डब्याशी झटत होती. मी वाटी उचलली. खाली गोळा होता. दाबून पाहिला तर काय, दगड! मनात म्हटलं, एवढे सासरे पहिल्यांदा जावयाच्या घरी वाजवायला बसताहेत आणि त्यांना हा असला शिळ्या भाकरीसारखा गोळा द्यायचा? शेजारीच परातीत सासूबाईंची कणिक होती. मऊ, गुळगुळीत, लोण्याला लाजवील अशी. सासूबाई खापराला जाळ घालायला परसात गेल्या होत्या. मी चार बोटं घालून चांगला मोठा गोळा तोडला, केळीच्या पानावर ठेवला आणि कडक गोळा होता तसा झाकून टाकला. आपण किती विचारी जावई आहोत, असं मला त्या क्षणी वाटलं. (असं वाटलं, की मी आता जागच्या जागी बसून घेतो. तेव्हा ती अक्कल नव्हती.)

आबांनी गोळा हातात घेतला. तो बोटांमधून खाली निघाला. आबांनी भुवया वर केल्या.

“सैल वाटस का, जवाईबापू?”

“खास आहे, आबा. तुमच्यासाठी निवडून आणली.”

आता जावयानं स्वतःच्या हातानं दिलेल्या वस्तूला आबा नाव कसं ठेवणार? त्यांनी गोळा थापला, हात पुसले आणि मारुतीचं नाव घेतलं. समोर दोन हातांवर मास्तर पेटी घेऊन बसले होते, नवा कोट घालून. मास्तरांनी सूर दिला. आबांनी चक्क मान डोलावली. दाराआड कांकणं वाजली. मोगरा असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिला अभंग पार पडला. दुसऱ्याला मला दिसलं, की पखवाजावरची कणिक पसरतेय. मग ती लोंबू लागली. मग तिची एक धार आबांच्या धोतरावर आली. आबा डोळे मिटून रंगले होते. त्यांनी लय वाढवली, टाळकरी उठून उभे राहिले, आणि शेवटची तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, आली तेव्हा आबांनी डावा हात खांद्यापर्यंत उचलून जो दणका दिला!

पहिल्या थापेला मास्तरांचा चष्मा कणकेनं लिंपला. दुसरीला कोट गेला. तिसरी सगळीच्या सगळी पेटीच्या पट्ट्यांवर जाऊन बसली, आणि त्यातली एक पट्टी जी खाली चिकटली ती वर येईना. मास्तर घाबरून भाता मारतच राहिले आणि पेटी गाय हंबरावी तशी एका सुरात हंबरत राहिली.

“भाता थांबवा!” कोणीतरी ओरडलं.

“मला दिसत नाही!” मास्तर ओरडले.

पेटी थांबली तेव्हा परसातल्या खापराखालचा जाळ ऐकू येत होता. मास्तरांनी चष्मा काढला. “झुलालराव, पेटी आवडत नाही हे तोंडानं सांगायचं. पीठ फेकून सांगायची ही कुठली पद्धत?”

आबांनी पखवाजाकडं पाहिलं. वर्षानुवर्षं तेल लावून जपलेलं ते कातडं ओलं गच्च झालं होतं. आबांचा आवाजच बदलला. “मी फेकी? आरे, तुमना समाजनी माले असली कनिक दिधी! बोलाईसन अपमान करा मन्हा!”

“आमच्या समाजानं?”

“ह्या कोन शेतस मंग?” आबांनी माझ्याकडं बोट केलं. “तुमनाच शेकेटरी ना?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी जावई म्हणून दिलेली कणिक मी सेक्रेटरी म्हणून दिली असं धरलं जातंय. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोवर एका दारानं भजनी मंडळ बाहेर पडलं होतं आणि दुसऱ्यानं समाज. मांडे राहिले, कुंकू राहिलं, आणि सतरंजीवर वाळत चाललेलं पीठ राहिलं. मोगरा भिंतीकडं तोंड करून बसली होती. हिनं तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी उठून सतरंजी खरवडायला घेतली.

खरी गंमत अशी, की चूक कोणाची हे कोणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा. मला वाटलं, उन्हाळ्याचे दिवस, कणिक वितळली असेल. फडताळातला तो कडक गोळा सतरंजीच्या खरवडीबरोबर मीच टाकून दिला होता, त्यामुळं हिला वाटलं, आबांनीच तिच्या कणकेत पाणी घालून ती बिघडवली. पण माहेरच्या माणसाविषयी असं बोलायचं कसं, म्हणून ती गप्प. आणि सासूबाई वेगळ्याच कारणानं घुमसत होत्या. मला वाटलं मांडे वाया गेले म्हणून. मी त्यांची समजूत काढायला गेलो तर म्हणाल्या, “तुम्ही बठा तठेच, जवाईबापू.”

आखाजी जवळ येत चालली. आबांनी धुळ्याला निरोप धाडायला माणूसही हेरून ठेवला. मग हिनं मला पुन्हा कामाला लावलं. “तुम्ही दोघांनाही भेटा. गोड बोलून मिटवा. मोगराचं लग्न त्या पोटाशी झालं, तर मी आखाजीला माहेरी जाईन ती परत यायची नाही.” वास्तविक तिचं माहेर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पण स्वयंपाक त्या दोन गल्ल्यांपलीकडून आला नसता.

आधी आबांकडे गेलो. आबा ओट्यावर बसून पखवाजाचं कातडं सावलीत वाळवत होते. आजारी नातवाजवळ बसावं तसे. मला खरंच वाईट वाटलं. “आबा,” मी म्हटलं, “मास्तरांना फार लागलंय हो मनाला.”

“खरंच?”

आता ‘खरंच?’ म्हटल्यावर माणूस काय करणार? मी म्हटलं, “जेवण जात नाही त्यांना. म्हणतात, आबांची माफी मागितल्याशिवाय चैन पडायची नाही.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “मंग येऊ दे त्याले. मी कोन्हावर राग धरस नही.”

तिथून तडक मास्तरांकडे. मास्तर पेटी उघडून घरातल्या बायकांच्या केसांच्या आकड्यांनी पट्ट्यांतलं वाळकं पीठ कोरत होते. मला पाहताच म्हणाले, “हा पंचम बघा. पार गेला. याला सर्दी झालीय.” मी म्हटलं, “मास्तर, आबांना रात्ररात्र झोप नाही. म्हणतात, मास्तरांसारख्या कलावंतावर पीठ उडालं, एकदा त्यांचे हात धरून माफी मागू दे.”

मास्तरांचा आकडा हातातच राहिला. “झुलालराव असं म्हणाले? मग मी काय दगड आहे? येतो मी. करीन क्षमा.”

घरी येताना मी शीळ घालत आलो. एकाच खोट्यात दोन माणसं गोड करणारा माझ्यासारखा मुत्सद्दी पाचोऱ्यात तरी दुसरा नव्हता. दोघे एकाच वेळी एकाच घरात येतील, तेव्हा काय होईल, एवढा एक बारीकसा विचार तेवढा करायचा राहिला.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघे आले. आबा धुतलेला फेटा बांधून, मास्तर ड्रायक्लीन केल्यासारखा घासलेला कोट घालून. सोबत सुपडू, कोपऱ्यात, पायाच्या अंगठ्याकडं बघत. आबा तक्क्याला टेकले. मास्तर दुसऱ्या तक्क्याला टेकले. दोघांच्या तोंडावर, क्षमा करायला आलेल्या माणसाच्या तोंडावर असतं तसलं हसू.

आबांनी सुपारी कातरली, मास्तरांनी अत्तराचा फाया हुंगला.

“बोला,” आबा म्हणाले.

“छे छे, तुम्ही बोला,” मास्तर म्हणाले.

“संकोच करानं काम नही.”

“तुम्हीही करू नका. मी मनात काही ठेवलेलं नाही.”

“तुम्ही नही ठेवं?” आबा ताठ बसले. “ठेवाले मी ठेवतू! तुम्ही काय ठेवशात?”

“अहो, पीठ माझ्या तोंडावर आलं!”

“आनि माफी मांगाले तुम्ही उनात ना?”

“मी? माफी तुम्ही मागणार म्हणून मी आलो!”

मग दोघांनी एकदमच माझ्याकडं मान वळवली. “जवाईबापू!” आबा म्हणाले. “लोटनराव!” मास्तर म्हणाले. मी दारामागच्या सतरंजीकडं पाहू लागलो. (ती गुंडाळलेली होती, नाहीतर मी स्वतःला तिच्यात गुंडाळून घेतलं असतं.) आबा उठले. चपला शोधू लागले. “धुयाले आजच निरोप धाडस,” म्हणाले. आत मोगराचा हुंदका फुटला. सुपडूनं मान वर केली आणि प्रथमच तोंड उघडलं, “काका, काहीतरी बोला ना!” मास्तर चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात आमची ही बाहेर आली. डोळे लाल, हातात वाटी. “आबा, थांबा. या घराची कणिक वाईट म्हणून तुम्ही चाललात ना? मग ही हातात घेऊन बघा. तशीच मी त्या दिवशी मळली होती. मीठ नाही, तेल नाही. लेकीच्या हातची आहे, आता हिलाही नाव ठेवा.”

आबांनी गोळा घेतला. दाबला. अंगठ्यानं चेपून पाहिला. “हाई ते पयला नंबरनी कनिक शे,” ते हळूच म्हणाले. “पन पोरी, माले दिधी ती हाई नव्हती. ती वघयी जाये.”

“वघयी जाये?” स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई कडाडल्या. खाली मान घालून इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. “मन्ही परातमाईन गोया तोडा व्हता कोन्हीतरी! चार बोटे उमटेल व्हतात! मी समजनू, भजनी मंडयना कोन्ही भुकेला रांडना शिरना आत. लाजधरीसन बोलनू नही. कोन्ही लिधा व्हता तो गोया?”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. आणि मला एकदम हायसं वाटलं. इतक्या दिवसांत जिचं उत्तर मला येत होतं अशी ही पहिलीच गोष्ट निघाली होती.

“मी!” मी पुढं होऊन म्हटलं. “हिचा गोळा फार कडक होता. म्हटलं, आबांना कडक कशाला द्यायचा? म्हणून तुमच्या परातीतला चांगला मऊ काढून दिला.”

असं म्हणून मी सगळ्यांकडं कौतुकाच्या अपेक्षेनं पाहिलं.

हिनं कपाळावर हात मारला. मग आबांच्या घशातून कसलासा आवाज आला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. पण ते हसत होते. पोट धरून, फेटा सुटेपर्यंत हसत होते. मास्तरांनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. “मांड्यांची कणिक!” मास्तर म्हणाले. “पखवाजाला मांड्यांची कणिक! झुलालराव, अहो, तुम्ही पुरण भरायचंच विसरलात!” यावर आबांनी मास्तरांच्या मांडीवर थाप मारली आणि हसता हसता मास्तरांचा हात धरला तो धरूनच ठेवला.

“मास्तर, तुमनी पेटीनं लई वाटोयं व्हयनं. मन्हा जवाईनी करं, तरी मीच करं आसं समजा.”

“आणि तुमचं कातडं? आमच्या सेक्रेटरीनं केलं ते. चुकलं आमचं.” मास्तरांनी दुसराही हात आबांच्या हातावर ठेवला. “तुमच्यासारखा हात मी या भागात ऐकलेला नाही, झुलालराव. त्या दिवशी सांगणारच होतो. पण तोंडात पीठ गेलं.”

म्हणजे अखेर दोघांनीही माफी मागितली. मी सांगितलं होतं तसंच झालं. पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी ते लक्षात आणून दिलं तेव्हा हिनं मला आत बोलावून घेतलं.

मग आबांनी सुपडूला जवळ बसवलं. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फार गंभीरपणे एकच प्रश्न विचारला. “पोऱ्या, तू सयपाकघरमा जास का?”

“नाही, आबा.”

“कधीच नही?”

“पाणीसुद्धा बाहेर मागतो.”

“मोगरा!” आबांनी आत हाक मारली. “कुंकू लई ये!”

लग्न वैशाखात झालं. दोन्ही मंडळं एका सतरंजीवर बसली. पेटी आणि पखवाज असे काही जुळले, की शेजारच्या गावची माणसं बैलगाड्या थांबवून ऐकत उभी राहिली. माझी सेक्रेटरीपदावरून उचलबांगडी दोन्ही मंडळांनी मिळून केली. त्यांचा तो पहिलाच एकमुखी ठराव. मला त्याचं काही वाटलं नाही. जेव्हा सुपडूशेजारी बसलेली मोगरा हसली, तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या परातीत हात घातला, तरी पोरीचं कल्याणच झालं की!

पंगत बसली. सासूबाई स्वतः मांडे वाढत आल्या. आबांना मांडा, मास्तरांना मांडा, सुपडूला दोन. तुपाची धार, वास असा की भूक दुप्पट व्हावी. मी थोरला जावई, पान पुसून, हात धुऊन, सरसावून बसलो होतो. सासूबाई माझ्यासमोर थांबल्या आणि त्यांनी परातीतून काढून माझ्या पानावर एक निखाऱ्यावर भाजलेला कडक गोळा ठेवला.

“हे काय, सासूबाई?”

“पखवाजनी कनिक शे, जवाईबापू,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “मऊ जितलं व्हतं तितलं तुम्ही वाटी दिधं ना, आते हाईच उरनं.”

दोन्ही मंडळं हात थांबवून माझ्याकडं बघत होती. मी तो गोळा मोडला आणि मुकाट्यानं खाल्ला.

मीठ नव्हतं.